जीवाश्म इंधनांचे उत्सर्जन, विभागवार तुलना: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

विज्ञान मंडळाच्या भित्तितक्त्याच्या कामाला आज सुरुवात झाली. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्यामुळे जगाच्या कोणत्या विभागातून किती हरितगृह वायू बाहेर पडतात, याची तुलना अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना वाचता येईल अशा मराठीत एका मोठ्या कागदावर मांडायची, असे ठरले आहे. मी भूगोल शिकवतो आणि माझ्याबरोबर बारावीचे चार विद्यार्थी आहेत. चंद्रपूरच्या मुलांना या विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही. २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र त्यांच्या रोजच्या नजरेतले आहे आणि कित्येकांच्या घरातले कोणी ना कोणी कोळसा खाणीत कामाला आहे.

पहिल्याच बैठकीत एका विद्यार्थिनीने विचारले, की आपल्या केंद्राचा धूर जगाच्या हिशेबात कोणाच्या नावावर लिहितात. चिमणीतून डोळ्यांना दिसतो तो धूर राखेच्या कणांचा आणि वाफेचा असतो, कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, एवढे मी तिला लगेच सांगितले. मूळ प्रश्न मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, कारण सगळ्या प्रकल्पाला पुरून उरेल असा तो आहे.

११ जानेवारी २०२४

एकके ठरवली. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत गिगाटन, म्हणजे एक अब्ज टन, हे एकक वापरतात. आम्ही सर्व आकडे कोटी टनांत देणार आहोत, कारण आमच्या वाचकाला ‘२८३ कोटी टन’ हा आकडा ‘२.८३ गिगाटन’पेक्षा लवकर उमगतो आणि दरडोई आकडा काढताना कोटी टनांना कोटी माणसांनी भागणे सोपे जाते. तुलनेचे वर्ष २०२२ असेल, कारण त्या वर्षाचे आकडे आता बहुतेक देशांसाठी उपलब्ध आहेत. ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट या शास्त्रज्ञांच्या गटाने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला ताळेबंद आम्ही मुख्य आधार म्हणून घेतला आहे. त्यात सिमेंट बनवताना चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइडही धरलेला असतो, ही गोष्ट तक्त्यावर लिहायला हवी.

१७ जानेवारी २०२४

आज चार तास एका चुकीपायी गेले, पण ती चूक पुढे कोणाच्याही हातून होऊ शकते म्हणून सविस्तर नोंदवतो. जुन्या मालिकेतून घेतलेले भारताचे आकडे आणि नव्या मालिकेतले आकडे एकाच आलेखावर काढले, तेव्हा दोन्ही मालिका जिथे जुळायला हव्यात तिथे रेषा एकदम साडेतीन पटींहून अधिक उंच उडाली. मुलांनी आधी उद्योगधंद्यांच्या वाढीचे कारण शोधायला सुरुवात केली होती. खरे कारण असे, की अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत अनेक वर्षे सांभाळलेली जुनी मालिका कार्बनच्या टनांत आहे, तर नवी मालिका कार्बन डायऑक्साइडच्या टनांत आहे. कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ असल्यामुळे पहिल्या आकड्याला ४४ भागिले १२, म्हणजे सुमारे ३.६७ ने गुणावे लागते. गुणाकार केल्यावर रेषा सरळ जुळली.

रसायनशास्त्राच्या पुस्तकातला हा साधा भागाकार मुलांनी कितीतरी वेळा केलेला आहे, पण त्याचा असा उपयोग त्यांना आज पहिल्यांदा दिसला. तक्त्याच्या डोक्यावर ‘कार्बन डायऑक्साइडचे टन’ हे शब्द ठळक छापायचे, असे त्यांनीच सुचवले.

२५ जानेवारी २०२४

विभागवार पहिला कच्चा तक्ता तयार झाला. खंडांनुसार पाहिले, तर २०२२ मध्ये आशियातून सुमारे २,१७० कोटी टन, उत्तर अमेरिकेतून ६३० कोटी, रशिया धरून युरोपातून ५१० कोटी, आफ्रिकेतून १४० कोटी, दक्षिण अमेरिकेतून ११० कोटी आणि ओशिनियातून ४४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. जगाचा एकूण आकडा सुमारे ३,७१० कोटी टन आहे. देशवार पाहता चीन १,१४० कोटी, अमेरिका ५०६ कोटी, भारत २८३ कोटी आणि युरोपीय संघाचे २७ देश मिळून २७६ कोटी टन, असा क्रम लागतो.

हा तक्ता जसाच्या तसा छापला, तर वाचक ‘आशियाच सर्वांत मोठा दोषी’ असे म्हणून पुढे जाईल, अशी मला भीती वाटते. जगातील जवळपास ६० टक्के माणसे आशियात राहतात. त्यापेक्षाही मोठी अडचण अशी, की आशियाची दरडोई सरासरी सुमारे ४.६ टन येते, जी जगाच्या ४.७ टनांच्या सरासरीला जवळजवळ चिकटलेली आहे, पण त्या सरासरीजवळ राहणारे आशियाई फार थोडे आहेत. कतारचा रहिवासी वर्षाला ३५ टनांहून अधिक उत्सर्जनाचा धनी ठरतो, चीनचा ८, भारताचा २, तर नेपाळचा अर्ध्या टनाच्या आसपास. नेपाळ आणि कतार यांना एका रकान्यात कोंबून काढलेल्या सरासरीतून काय कळणार?

आफ्रिकेचेही तसेच आहे. तेथील दरडोई आकडा साधारण १ टन आहे, परंतु खंडाच्या एकूण उत्सर्जनापैकी चतुर्थांशाहून अधिक भाग एकट्या दक्षिण आफ्रिकेचा आहे, जिथे बहुतांश वीज कोळशावर होते आणि सेकुंडा येथे कोळशापासून द्रव इंधन बनवणारा प्रचंड कारखाना चालतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा दरडोई आकडा मात्र एक दशांश टनापेक्षाही कमी आहे. विभागाच्या सरासरीखाली त्या विभागातील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दरडोई आकडा असलेले देशही छापायचे, असे आज ठरले.

१ फेब्रुवारी २०२४

‘युरोप’ म्हणजे नेमके कोण, यावर पूर्ण दुपार गेली. भूगोलाच्या पुस्तकात उरल पर्वताने सीमा आखलेली असते, पण ऊर्जेच्या आकडेवारीत ती चालत नाही, कारण रशियाच्या आकड्यांचे दोन तुकडे कोणी करत नाही. एनर्जी इन्स्टिट्यूटच्या वार्षिक आढाव्यात, जो पूर्वी बीपी ही तेल कंपनी काढत असे, तुर्कस्तान, युक्रेन आणि जॉर्जिया युरोपात आहेत आणि रशिया वेगळ्या गटात, मध्य आशियातील कझाकस्तान वगैरे देशांबरोबर आहे. खंडवार मांडणीत रशिया संपूर्णपणे युरोपात येतो. हवामान कराराच्या जुन्या मांडणीत तर खंडच नाहीत. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या चौकट करारानुसार परिशिष्ट १ मधले, म्हणजे मुख्यतः विकसित, औद्योगिक देश आणि त्याबाहेरचे देश, एवढेच दोन भाग आहेत.

रशियाचे उत्सर्जन सुमारे १६५ कोटी टन आहे, म्हणजे तो आत की बाहेर यावर युरोपाच्या आकड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अवलंबून राहतो. आम्ही युरोपीय संघ, रशिया आणि उरलेला युरोप अशा तीन ओळी केल्या. त्याच न्यायाने आशियाचे चीन, भारत, पश्चिम आशिया आणि उर्वरित आशिया असे भाग पाडले. सुबकपणा गेला, पण माझ्या मते हेच बरोबर आहे.

८ फेब्रुवारी २०२४

सिंगापूरच्या ओळीने आज सगळ्यांना बुचकळ्यात टाकले. एका आकडेवारीत या शहर-राष्ट्राचे उत्सर्जन २० कोटी टनांच्या वर दिसते, तर दुसरीत सुमारे ५ कोटी टन. पहिला आकडा खरा मानला, तर सिंगापूरचा माणूस अमेरिकी माणसाच्या दुपटीहून अधिक उत्सर्जन करतो, असा निष्कर्ष निघेल.

दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येनुसार योग्य आहेत. सिंगापूर हे जहाजांना इंधन पुरवणारे जगातील सर्वांत मोठे बंदर आहे आणि २०२२ मध्ये तेथे ४.७९ कोटी टन जहाजी इंधन विकले गेले. आंतरसरकारी हवामान समितीच्या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे एक टन जड इंधन तेलापासून सुमारे ३.१३ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे या विक्रीतून जवळजवळ १५ कोटी टन. ते इंधन सिंगापुरात भरले जाते, पण जळते हिंदी महासागरात, सुएझ कालव्यात किंवा रॉटरडॅमच्या वाटेवर. एनर्जी इन्स्टिट्यूट तेलाची विक्री जिथे झाली त्या देशाच्या नावावर त्यातून सुटणारा वायू धरते. देश संयुक्त राष्ट्रांना जो अहवाल देतात त्यात मात्र आंतरराष्ट्रीय जहाजांचे आणि विमानांचे इंधन राष्ट्रीय बेरजेच्या बाहेर, स्वतंत्र नोंद म्हणून दाखवतात. ५ कोटी अधिक १५ कोटी ही बेरीज मुलांनी फळ्यावर केली आणि दोन तक्त्यांतला फरक जवळपास पूर्ण भरून निघाला, तेव्हा वर्गात जो आनंद झाला तो मला या प्रकल्पातील आजवरची सर्वांत मोठी कमाई वाटते.

दोन वेगवेगळ्या मालिकांमधले आकडे एका ओळीत शेजारी-शेजारी कधीही ठेवायचे नाहीत, हा नियम आजपासून लागू.

१६ फेब्रुवारी २०२४

आजचा विषय कोळसा, आणि तो आमच्या गावाचा असल्यामुळे लांबला. उत्सर्जन कोणी चिमणीवर बसून मोजत नाही; जाळलेल्या इंधनाचे वजन, त्याचे उष्मांक मूल्य (एका किलोतून मिळणारी उष्णता) आणि प्रत्येक एकक उष्णतेमागे सुटणारा कार्बन डायऑक्साइड (गुणांक) यांचा गुणाकार करतात. ज्या देशाने स्वतःचे गुणांक ठरवलेले नाहीत त्याच्यासाठी आंतरसरकारी समितीच्या २००६ च्या पुस्तिकेतील सर्वसाधारण गुणांक वापरता येतात. त्यांनुसार चांगल्या बिट्युमिनस कोळशाचे उष्मांक मूल्य एका किलोला २५.८ मेगाज्यूल आणि गुणांक एका मेगाज्यूलला ९४.६ ग्रॅम आहे, म्हणजे एक टन कोळसा जाळला की सुमारे २.४४ टन वायू.

आपला कोळसा असा नाही. त्यात राख ३० ते ४५ टक्के असते. ती राख आमच्या परिसरातल्या लोकांना तळ्यांवरून आणि रस्त्यांवरून चांगली माहीत आहे. भारताने आपल्या राष्ट्रीय अहवालांसाठी ठरवलेल्या मूल्यांनुसार बिगर-कोकिंग, म्हणजे मुख्यतः विजेसाठी जाळल्या जाणाऱ्या, कोळशाचे उष्मांक मूल्य १८.२६ मेगाज्यूल आणि गुणांक ९६.७६ ग्रॅम आहे. गुणाकार केला तर एका टनामागे सुमारे १.७७ टन वायू येतो. एकाच वजनाच्या कोळशासाठी सर्वसाधारण गुणांकाने आलेले उत्तर ३८ टक्क्यांनी मोठे आहे. याचा अर्थ आपला कोळसा स्वच्छ आहे असा मुळीच नाही, हे मी मुलांना दोनदा सांगितले. तेवढ्याच विजेसाठी तो अधिक वजनाने जाळावा लागतो आणि प्रत्येक मेगाज्यूलमागे त्यातून सुटणारा वायू परदेशी कोळशापेक्षा किंचित जास्तच आहे. वजनावरून हिशेब करणाऱ्याने मात्र दर्जा विचारात घेतलाच पाहिजे.

चीनच्या बाबतीत हाच मुद्दा फार मोठ्या प्रमाणावर पुढे आला होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीनमधल्या खाणींतील कोळशाच्या नमुन्यांवरून असे दिसले, की तेथील कोळशाचे दर टनामागचे गुणांक सर्वसाधारण गुणांकांपेक्षा सरासरी ४० टक्क्यांनी कमी आहेत. त्याच वर्षी चीनने कोळशाच्या वापराची आधीची सरकारी आकडेवारी सुधारून वाढवली. २०१२ चा वापर सुमारे १७ टक्क्यांनी वर गेला. एक दुरुस्ती आकडा खाली ओढणारी, दुसरी वर नेणारी. त्यातील प्रत्येक दुरुस्ती एखाद्या मध्यम देशाच्या संपूर्ण उत्सर्जनापेक्षा मोठी होती.

एक छोटी नोंद: अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाच्या तक्त्यांत उष्मांक मूल्य स्थूल (जळताना तयार होणाऱ्या वाफेतील उष्णताही धरणारे) असते, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या तक्त्यांत निव्वळ (ती न धरणारे). कोळसा व तेलासाठी दोन्हींत सुमारे ५ टक्के आणि नैसर्गिक वायूसाठी १० टक्के फरक पडतो. शिवाय अमेरिकेतील छोटा टन ९०७ किलोचा असतो.

२३ फेब्रुवारी २०२४

‘उत्सर्जन कोणी कमी केले’ हा रकाना करताना आधारवर्षाचा प्रश्न आला. युरोपीय संघाचे उत्सर्जन १९९० ते २०२२ या काळात सुमारे २९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेचे १९९० मध्ये जितके होते जवळजवळ तितकेच २०२२ मध्येही आहे, पण २००५ पासून मोजले तर १७ टक्क्यांच्या आसपास घट दिसते. युरोपीय संघ आपली उद्दिष्टे १९९० शी तुलना करून सांगतो आणि अमेरिका २००५ शी, याचा उलगडा मुलांना लगेच झाला.

रशियाची घट अधिक बोलकी आहे. १९९० मध्ये सुमारे २५० कोटी टन असलेले तेथील उत्सर्जन १९९८ पर्यंत १५० कोटींच्या खाली आले. ही घट कोणत्याही हवामान धोरणामुळे झाली नाही, तर सोव्हिएत संघ कोसळल्यावर कारखाने बंद पडले, लोक बेरोजगार झाले आणि अर्थव्यवस्था आक्रसली म्हणून झाली. तिला यशाच्या रकान्यात टाकणे मला मान्य नाही. याच ३२ वर्षांत चीनचे उत्सर्जन साडेचार पटींच्या वर गेले आणि भारताचे जवळजवळ पाचपट झाले, हेही त्याच आकाराच्या अक्षरांत छापले जाईल. भारताने २०३० साठी दिलेले वचन एकूण उत्सर्जन घटवण्याचे नसून, राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे आहे, आणि हा फरक वाचकापासून लपवू नये.

४ मार्च २०२४

आजचा दिवस भारताच्या ओळीचा. भारत एकूण उत्सर्जनात तिसरा आहे, जगात त्याचा वाटा ८ टक्क्यांच्या जवळ आहे. दरडोई पाहिले तर २ टन, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी, युरोपीय संघाच्या ६.२ टनांच्या एक तृतीयांश आणि अमेरिकेच्या १५ टनांच्या सातव्या हिश्श्याएवढे. औद्योगिक काळाच्या सुरुवातीपासून आजवरची सारी बेरीज घेतली, तर अमेरिकेचा वाटा सुमारे २४ टक्के, युरोपीय संघाचा १७, चीनचा १५ आणि भारताचा ३ टक्क्यांच्या थोडा वर आहे. एकट्या ब्रिटनचा, पावणेसात कोटी लोकसंख्येचा, वाटा साडेचार टक्के आहे.

ऐतिहासिक बेरीज केवळ न्यायाच्या भाषणासाठी नसते. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत टिकतो, त्यामुळे आजची तापमानवाढ आजच्या उत्सर्जनापेक्षा आजवरच्या बेरजेशी जोडलेली आहे. एका विद्यार्थ्याचा आग्रह होता, की भारताच्या ओळीत फक्त दरडोई आकडा द्यावा, कारण तो ‘आपल्या बाजूचा’ आहे. मी त्याला नकार दिला. तिन्ही आकडे, सर्व विभागांसाठी, त्याच क्रमाने जातील. मला स्वतःला दरडोई आणि ऐतिहासिक मोजमाप अधिक न्याय्य वाटते आणि मी ते वर्गात सांगतोही, पण तक्ता माझ्या मताचा नाही.

१३ मार्च २०२४

पहिल्या पानावरच्या प्रश्नाकडे आज परत आलो. चंद्रपूर केंद्र वर्षभर सरासरी पूर्ण क्षमतेच्या ६५ टक्के भाराने चालते असे गृहीत धरले, तर वर्षाला सुमारे १,६६३ कोटी युनिट वीज होईल. कोळशाच्या विजेत एका युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर उत्तर १.६६ कोटी टन येते. हा आमचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, आणि तक्त्यावर तसे लिहिले जाईल. तरीही आफ्रिकेतील बहुसंख्य देशांचे वर्षभराचे संपूर्ण उत्सर्जन यापेक्षा कमी आहे, हे मुलांना कळल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२२-२३ साठी देशातील सर्व विजेची सरासरी एका युनिटला ०.७१६ किलो दिली आहे, कारण त्यात जलविद्युत, अणुऊर्जा, पवन आणि सौर ऊर्जाही मिसळलेली आहे.

हा वायू जागतिक तक्त्यात भारताच्या नावावर जातो, कारण तो भारताच्या भूमीवर सुटतो. वीज मात्र राज्याच्या ग्रिडमध्ये जाते आणि तिचा मोठा वापर मुंबई, पुणे, नाशिककडे होतो. देशादेशांतही असेच घडते. चीनमध्ये बनलेला माल युरोपात वापरला, तर उत्सर्जन चीनच्या खात्यात पडते. वापर करणाऱ्याच्या खात्यात ते टाकून हिशेब केला, की चीन आणि भारत यांचे आकडे उतरतात, अमेरिका आणि युरोपीय संघाचे चढतात आणि स्वित्झर्लंडचा तर दुपटीहून अधिक होतो. एका अभ्यासानुसार २००४ मध्ये जगातील २३ टक्के कार्बन डायऑक्साइड असा मालाच्या रूपाने सीमा ओलांडत होता. वापरानुसार आकड्यांचा स्वतंत्र रकाना करायचे ठरले. विद्यार्थिनीला मी उत्तर दिले, की हिशेबाच्या एका पद्धतीत तो चंद्रपूरचा आणि दुसऱ्या पद्धतीत दिवा लावणाऱ्याचा. राख मात्र कोणत्याही पद्धतीत इथेच राहते, असे ती म्हणाली, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

२२ मार्च २०२४

आतापर्यंत फक्त कार्बन डायऑक्साइड झाला. प्रकल्पाचा विषय मात्र हरितगृह वायूंचा आहे. कोळसा खाणींतून, तेलविहिरींतून आणि वायुवाहिन्यांतून मिथेन गळतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या याच महिन्यातील अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जीवाश्म इंधनांमुळे सुमारे १२ कोटी टन मिथेन बाहेर पडला. तापमान वाढवण्याच्या त्याच्या क्षमतेनुसार तो कार्बन डायऑक्साइडच्या टनांत मांडताना शंभर वर्षांचा कालावधी धरला तर २९.८ ने गुणतात आणि सुमारे ३५८ कोटी टन होतात. वीस वर्षे धरली तर ८२.५ ने गुणून ९९० कोटी टन. एकच गळती, पण दोन उत्तरे, आणि दोन्ही भारताच्या वार्षिक कार्बन डायऑक्साइडपेक्षा मोठी.

मिथेनचे आकडे मुख्य रकान्यात मिसळायचे नाहीत, वेगळ्या पट्टीत दोन्ही गुणकांसह द्यायचे.

३ एप्रिल २०२४

छपाईपूर्व तपासणी. एका विद्यार्थ्याने सर्व विभागांची बेरीज करून पाहिली, ती सुमारे ३,६०४ कोटी टन आली, आणि तक्त्यात जगाचा आकडा ३,७१० कोटी टन होता. सगळ्यांनी पुन्हा पुन्हा आकडे तपासले, कोणताही देश सुटला नव्हता. मग सिंगापूरची आठवण झाली. आमची मालिका आंतरराष्ट्रीय जहाजे आणि विमाने कोणत्याही देशात धरत नाही, ती थेट जगाच्या बेरजेत घालते, आणि त्यांचा आकडा सुमारे १०० कोटी टन आहे. संपूर्ण दक्षिण अमेरिका खंडाचा आकडाही जवळपास इतकाच आहे, हे लक्षात आणून देण्यासाठी मुलांनी आणखी एक ओळ मागितली.

जगाच्या बेरजेच्या लगेच वर ती ओळ घातली आहे. तिच्या विभागाच्या रकान्यात ‘समुद्र आणि आकाश’ असे लिहिले आहे, आणि दरडोई रकाना रिकामा ठेवला आहे.